भेग नव्हे, तुटलेला थर शोधा: प्रस्तरभंग प्रत्यक्ष कसा पाहावा

पहिल्यांदा प्रस्तरभंग पाहायला निघालेला माणूस कड्यावर भेगा शोधू लागतो, आणि त्या शेकड्याने सापडतात. बहुतेक नुसते सांधे असतात: खडक तडकला, पण दोन्ही बाजू जागच्या जागी राहिल्या. त्या एकमेकींवरून सरकल्या असतील तरच तो प्रस्तरभंग. कुणी त्याला भ्रंशही म्हणतं. हे सरकणं डोळ्यांनी दिसायला हवं असेल, तर चुनखडी, वाळूचा दगड, शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा दगड) असे थरांचे खडक गाठा. थर म्हणजे आयती मोजपट्टी. एकजिनसी ग्रॅनाइटमध्ये १० मीटरची सरकही नवशिक्याच्या नजरेतून निसटते.

सुरुवात घरूनच करा. भूशास्त्रीय नकाशावर प्रस्तरभंग रेघांनी दाखवलेले असतात. मात्र त्या रेघेवर जाऊन उभं राहिलं, की बऱ्याचदा पायाखाली गवत आणि माती! भंगाच्या पट्ट्यातला खडक भरडला गेलेला असतो, लवकर झिजतो आणि तिथे घळ पडते. म्हणून ती रेघ रस्त्यासाठी कापलेली दरड, खाण, नदीचा काठ किंवा समुद्रकडा कुठे ओलांडते ते पाहा. माणसाने केलेला उभा छेद सगळ्यात सोयीचा. ग्रीसमध्ये १८९३ साली खुला झालेला कोरिंथचा कालवा याचा नामी नमुना आहे. सुमारे ६ किलोमीटर लांबीच्या त्या कालव्याच्या उभ्या भिंतींवर एकामागून एक भंग दिसतात, आणि थर जिन्यासारखे खाली उतरत गेलेले.

जागेवर पोचल्यावर लगेच दगडाला नाक लावू नका. अख्खा कडा दिसेल इतकं लांब उभं राहा. रंगाने किंवा जाडीने उठून दिसणारा एक थर निवडा आणि नजरेने त्याच्यामागे चालत जा. तो जिथे अचानक संपतो, तिथे थांबा. आता पलीकडे त्याचा जोडीदार शोधायचा. इथे घाई नडते, कारण चुनखडीचे थर एकमेकांसारखेच दिसतात. एक थर जुळवून भागत नाही, ओळ जुळवावी लागते: वर हातभर जाड पिवळसर चुनखडी, खाली दोन बोटं काळी शेल, मग वीतभर चुनखडी. हीच ओळ याच क्रमाने पलीकडे वर किंवा खाली सापडली, की भंग पक्का. सरक किती ते मोजून टाका.

पुढे प्रकार. भंगाचं पृष्ठ तिरकं असेल, तर त्याच्यावर रेललेली बाजू कोणती ते ठरवा. ती खाली घसरली असेल तर सामान्य भंग, म्हणजे पृथ्वीचं कवच तिथे ताणलं गेलं. वर चढली असेल तर उलटा भंग, म्हणजे दाबलं गेलं. दाबाचा थोर नमुना स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस भागात आहे. तिथे सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांचा खडक ३.५ ते ५ कोटी वर्षांच्या खडकावर चढून बसलाय, आणि दोहोंमधली रेघ डोंगरावर पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते.

एक फसगत सांगून ठेवतो. थर कललेले असतील, तर आडवी सरकही कड्यावर उभ्या सरकीसारखी दिसते. खरी दिशा भंगाच्या गुळगुळीत पृष्ठावरच्या घर्षणरेषा, म्हणजे दोन बाजू घासल्याने उमटलेल्या समांतर रेषा, सांगतात, तीही फक्त शेवटच्या हालचालीची. रेषांच्या दिशेने तळहात पुढे-मागे फिरवा. एकीकडे तो सरसर जातो, दुसरीकडे बारीक पायऱ्यांना अडतो. या पायऱ्या कॅल्साइटच्या (चुनखडी ज्याची बनते त्या खनिजाच्या) असतील, तर हात सरसर जातो त्या दिशेला समोरची, आता निखळून गेलेली बाजू सरकली होती.

हेल्मेट, खाणीसाठी परवानगी, समुद्रकाठी भरतीची वेळ हे विसरू नका. लटकत्या दगडांखाली तर उभंच राहू नका, थर कितीही सुंदर असोत. फोटोत मापासाठी पट्टी किंवा हातोडा ठेवा, पण आधी वहीत आकृती काढा. काढताना न जुळणारा थर आपोआप खटकतो.

घर्षणरेषा समजून मी एकदा अर्धा तास कोन मोजत बसलो होतो. त्या खोदयंत्राच्या दातांच्या निघाल्या. तेव्हापासून आधी बोटाने पुसून पाहतो: यंत्राच्या ओरखड्यातून पांढरी भुकटी निघते आणि तो वरवरचाच असतो. खऱ्या रेषांवरचा कॅल्साइटचा पापुद्रा उचकटला, तर खालीही त्याच दिशेच्या रेषा असतात.