इमेज घ्यायच्या आधी पेनड्राइव्ह

इमेज म्हणजे विंडोज, प्रोग्राम आणि फाइलींसकट संगणकाच्या अख्ख्या डिस्कची प्रत. ती ठेवायला एक्स्टर्नल ड्राइव्ह लागतो, हे सांगायला नको. भरलेल्या जागेच्या दुप्पट तरी घ्या, म्हणजे जुनी इमेज न पुसता नवी मावते. हबमधून जोडू नका, थेट पोर्टला लावा.

पण त्याच्याही आधी रेस्क्यू पेनड्राइव्ह, म्हणजे आतली डिस्क गेली तरी ज्यावरून संगणक सुरू करून इमेज परत उतरवता येते तो. गेल्या वेळी माझ्याकडे इमेज होती, तीन दिवसांपूर्वीची, अगदी ठणठणीत. आतली एसएसडी, म्हणजे संगणकाची डिस्कच, गेली, नवी बसवली, ड्राइव्ह जोडला आणि मग डोक्यात प्रकाश पडला: इमेज उघडणारा प्रोग्राम त्या गेलेल्या एसएसडीवरच होता! दुसऱ्याचा लॅपटॉप मागून पेनड्राइव्ह बनवला, त्यावरून संगणक सुरू केला, तर यादीत एक्स्टर्नल ड्राइव्ह दिसतोय आणि नवी एसएसडी गायब. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगमध्ये, इंटेलचं व्हीएमडी (डिस्क हाताळणारी सोय) चालू होतं आणि पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नव्हता. एवढं कळायला दोन दिवस गेले.

म्हणून पेनड्राइव्ह आजच बनवा. इमेजच्या प्रोग्राममध्येच रेस्क्यू मीडियाचा पर्याय असतो. पेनड्राइव्ह पुसला जातो, तेव्हा रिकामाच द्या. आणि बनवून खणात टाकू नका हो, त्यावरून संगणक एकदा सुरू करून बघा. आतली डिस्क दिसते का? एक्स्टर्नल दिसतो का? माउस हलतो का? डिस्क दिसत नसेल तर ड्रायव्हर घालून पेनड्राइव्ह पुन्हा बनवा. हे होईपर्यंत पुढचं वाचू नका.

क्लोनझिला हा इमेजचा फुकट प्रोग्राम वापरणाऱ्यांचं हे दुखणं निम्मं कमी, ते पेनड्राइव्हवरूनच चालतं. मात्र मूळपेक्षा लहान डिस्कवर इमेज उतरवायला ते सहसा तयार होत नाही, हे नवी डिस्क घेताना लक्षात ठेवा.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर. त्याच संगणकात फाइल करून ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. बायोसमध्ये हात घातला की विंडोज ती मागू शकतं. आणखी एक, चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजमधला डेटा बहुधा उघडाच असतो, बिटलॉकर असलं तरी. इमेजला वेगळा पासवर्ड द्या.

इमेज ठेवायचा एक्स्टर्नल ड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटमध्ये हवा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि इमेज त्याहून मोठी होतेच.

आता इमेज. फक्त सी ड्राइव्हवर खूण करून मोकळे होऊ नका, पूर्ण डिस्क निवडा. विंडोज ज्यातून सुरू होतं तो डिस्कचा सुरुवातीचा चिमुकला भाग, ईएफआय पार्टिशन, राहिला तर सी जसाच्या तसा परत येईल आणि विंडोज काही सुरू होणार नाही.

झाल्यावर व्हेरिफाय, म्हणजे इमेज नीट लिहिली गेली का ते प्रोग्रामलाच तपासू द्या. वेळ खातं, खाऊ द्या. मग पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू करून तीच इमेज तिथून उघडते का ते बघा. हो, पुन्हा पेनड्राइव्ह.

ड्राइव्ह काढून ठेवा. जोडलेला राहिला तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, त्यालाही कुलूप लावतं. दुसरी प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर, शक्यतो दुसऱ्या घरात. पेनड्राइव्हला चिकटपट्टी लावून तारीख लिहा, नाहीतर कुणीतरी त्यात गाणी भरेल.