भेगेवाटे उडून जाणारे पाणी : रब्बी ज्वारीच्या रानातील जलचक्र

सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांना या पंधरवड्यात एकच निकडीची विनंती आहे. रब्बी ज्वारीसाठी राखून ठेवलेल्या रानात अद्याप वाफे (मातीचे वरंबे घालून केलेले, पाणी अडवणारे कप्पे) पाडले नसतील, तर बाकीची कामे बाजूला ठेवून गणपती बसण्याच्या आत ते पाडून घ्यावेत. शिफारशीप्रमाणे हे काम जुलैच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवे होते. तरीही उशिरा पाडलेले वाफे सप्टेंबरचा पाऊस धरतात, आणि आपल्याकडे वर्षातला सर्वाधिक पाऊस पडतो तो सप्टेंबरमध्येच. उत्तरा आणि हस्त ही पावसाची दोन नक्षत्रे हातची गेली, की पुढे ज्वारीला मिळते ते फक्त जमिनीत जिरलेले पाणी.

मी गेली कित्येक वर्षे एकच नुकसान पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे. ज्वारी चांगली उगवते, दिवाळीपर्यंत हिरवीगार दिसते, आणि पोटरीत आल्यावर (कणीस अजून पानाच्या पोंग्यात असताना) अडकते. कणीस अर्धे बाहेर पडते, दाणा भरत नाही आणि कडबाही आखूड राहतो. त्या वेळी "यंदा पाऊसच कमी झाला" असे सगळे म्हणतात. बऱ्याच वर्षी पाऊस झालेला असतो. तो रानात थांबलेला नसतो, आणि जो थांबला तो भेगांमधून उडून गेलेला असतो. ही दोन्ही दारे आपण उघडी ठेवतो. म्हणून या सल्ल्यात खते आणि फवारण्यांपेक्षा पाण्याच्या वाटेबद्दल अधिक लिहिले आहे. घरात पाचवी-सहावीतली मुले असतील, तर त्यांना शेजारी बसवून हे वाचावे, कारण जलचक्राचे चित्र त्यांच्या पुस्तकात असते आणि त्याचा खरा प्रयोग आपल्या बांधावर चालू असतो.

सूर्याच्या उष्णतेने समुद्राचे पाणी वाफ होऊन वर जाते, वर हवा थंड असल्याने त्या वाफेचे बारीक थेंब होऊन ढग बनतो, थेंब जड झाले की पाऊस पडतो, आणि ते पाणी ओढ्या-नद्यांनी पुन्हा समुद्राला मिळते. पुस्तकातले चित्र एवढेच सांगते. सोलापूरपुरते पाहिले तर या चित्रात दोन गोष्टी जोडाव्या लागतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना थंड होऊन तेथेच रिते होतात. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि घाट उतरून आलेली हवा पुन्हा तापत व कोरडी होत आपल्यापर्यंत पोहोचते, म्हणून आपल्या वाट्याला साधारण साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर येतो. उजनीचे पाणीही मुख्यतः भीमेने पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरून आणलेले पाणी आहे. ज्यांच्या शेतापर्यंत कालवा पोहोचत नाही, त्यांच्यासाठी आपल्या डोक्यावर पडणारा पाऊस हाच एकमेव साठा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रानात पडलेल्या पाण्याला परत जाण्याच्या चार वाटा असतात. ते उताराने ओढ्याला जाते, मुरुमातून खाली उतरून विहिरीला मिळते, उघड्या मातीतून आणि भेगांमधून वाफ होऊन उडते, किंवा ज्वारीच्या मुळातून वर चढून पानांवाटे वाफ होऊन बाहेर पडते. पिकाने शोषलेल्या पाण्याच्या शंभर भागांपैकी पंच्याण्णवाहून अधिक भाग पानांतून असाच हवेत जातो, पण जाताना तो दाणा आणि कडबा घडवून जातो. भेगेतून उडालेले पाणी काहीच घडवत नाही. पाणी आकाशात परत जाणारच. ते पानातून जावे की भेगेतून, हे मात्र कुळव (माती मोकळी करणारे अवजार) आणि कोळपे (पिकाच्या ओळींमधली माती हलवून तण काढणारे अवजार) ठरवते.

मुलांना हे डोळ्यांनी दाखवता येते. दुपारी बाराच्या सुमारास, पाऊस उघडल्यानंतर चार-पाच दिवसांनी, उन्हात असलेल्या एखाद्या भेगेवर काचेचे पारदर्शक भांडे उपडे घालावे आणि त्याच्या कडेने ओली माती लावून हवा बंद करावी. तासाभरात काचेला आतून दव धरते आणि पुढे त्याचे थेंब होऊन ओघळू लागतात. ते थेंब आपल्या ज्वारीचे आहेत. त्याच भेगेत तुरीची सरळ काठी घालून पाहावी. मार्गशीर्षात एका रानात मी घातलेली काठी कोपरापर्यंत हात आत जाईल इतकी खोल गेली होती, आणि बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला ओल्या मातीचा काळा थर चिकटला होता. वरची माती पूर्ण कोरडी, खाली ओल शिल्लक, आणि त्या ओलीपर्यंत ऊन-वारा थेट पोहोचत होता. आपली भारी काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून फाटते. हा तिचा स्वभाव आहे. तो बदलता येत नाही, भेग मात्र बुजवता येते.

पाऊस किती पडला हे अंदाजाने सांगण्याची सवय सोडावी. सरळ काठाचा, सपाट तळाचा एक डबा झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर, जमिनीपासून थोडा उंच ठेवावा आणि रोज सकाळी आठ-साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची शाळेच्या पट्टीने मोजून वहीत लिहावी. हे काम मुलांकडे द्यावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे एकरी एक लाख लिटर, अर्थात दहा हजार लिटरचे दहा टँकर. टंचाईत एका टँकरसाठी आपण किती वाट पाहतो, हे आठवून मग सरीनंतर ओढ्याला आलेला गढूळ लोंढा पाहावा.

वाफे असे पाडावेत. बैलांच्या साहाय्याने करणार असाल तर ३.६० × ३.६० मीटरचे आणि ट्रॅक्टरचे यंत्र असेल तर ६ × २ मीटरचे वाफे करावेत. सारायंत्राने सारे (लांब वरंबे) पाडून नंतर बळीराम नांगराने दंड (त्यांना छेदणारे आडवे बांध) टाकले की वाफे तयार होतात. वरंबा सुमारे ३० सेंटीमीटर उंच असावा. ३.६० मीटरच्या एका वाफ्यात पंचवीस मिलिमीटर पावसाचे सव्वातीनशे लिटर पाणी थांबते, म्हणजे दीड बॅरलहून अधिक. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत मूलस्थानी जलसंधारणाने (पाणी पडले तेथेच अडवून मुरवल्याने) ज्वारीचे उत्पादन ३० ते ३५ टक्के वाढते असे सांगितले आहे. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे, आणि त्या दीर्घ कामाचा गाभा पाणी जागीच मुरवणे हाच राहिला आहे. माझा अनुभव शिफारशीत थोडी भर घालतो : अगदी भारी, पाणी साचणाऱ्या रानात सर्वांत खालच्या कोपऱ्यात दगड लावून लहानसा सांडवा ठेवावा, नाहीतर मोठ्या सरीत एक वरंबा फुटतो आणि त्यामागून खालचे सगळे वरंबे ओळीने फुटत जातात. पाऊस उघडल्यावर सकाळी फावडे घेऊन रानात एक फेरी मारावी. एक फुटका वरंबा त्याच दिवशी बांधला तर पुढची सर वाचते.

सप्टेंबरचे ढग दुपारनंतर गडगडाटासह येतात. वरंबे पाहायला गेलेल्या माणसाने विजा चमकत असताना रानात किंवा झाडाखाली थांबू नये. मोबाइलवर विजेची सूचना देणारे "दामिनी" ॲप असेल तर ते पाहून निघावे.

आता औषधांच्या आणि पावडरींच्या दुकानाबद्दल स्पष्ट लिहितो. या दिवसांत "ओल धरून ठेवणारी पावडर", "मुळी वाढवणारे द्रव", "पाण्याचा ताण सोसायला लावणारे टॉनिक" अशी पाकिटे पुढे केली जातात. एका वर्षी माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने उधारीवर अशा चार बाटल्या आणल्या आणि सारायंत्राचे भाडे परवडत नाही म्हणून वाफे पाडले नाहीत. हस्ताच्या एका रात्रीच्या पावसात त्याच्या रानातील पाण्याबरोबर वरची मातीही ओढ्याला गेली. वाहून गेलेले पाणी कोणतीही बाटली परत आणत नाही. बाटली घेण्यापूर्वी दुकानदाराला एवढेच विचारावे : ही शिफारस कोणत्या विद्यापीठाची आहे, कोणत्या पिकासाठी आहे आणि ती कोठे छापली आहे? उत्तर मिळाले नाही तर तेच पैसे वाफ्यांवर आणि कोळपणीच्या मजुरीवर घालावेत. उभ्या पिकाला ताण बसलाच तर ८ टक्के केओलिनच्या फवारणीची शिफारस आहे. ती पांढरी माती पानांवर बसून ऊन परतवते आणि बाष्पोत्सर्जन कमी करते. माझ्या मते तो शेवटचा उपाय आहे, आणि ज्याने कोळपणी टाळली त्याला तो वाचवू शकत नाही.

नेहमीची कामे :

– पेरणी : १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, वाफसा (पेरणीजोगी ओल) पाहून.
– हलकी जमीन : फुले अनुराधा, फुले माऊली.
– मध्यम जमीन : फुले सुचित्रा, मालदांडी ३५-१.
– भारी जमीन : फुले वसुधा, फुले यशोदा.
– बियाणे : हेक्टरी १० किलो, अंतर ४५ × १५ सेंटीमीटर.
– काणी रोगासाठी बीजप्रक्रिया : ३०० मेश गंधक (बारीक भुकटी), बियाण्याच्या किलोला ४ ग्रॅम, नंतर ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू खत, किलोला २५ ग्रॅम.
– कोरडवाहू खत, नत्र व स्फुरद हेक्टरी : मध्यम जमिनीस ४० व २० किलो, भारी जमिनीस ६० व ३० किलो, सर्व खत पेरणीबरोबर.

वाफसा ओळखण्यासाठी वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबावी. गोळा झाला, कमरेएवढ्या उंचीवरून सोडला आणि तो फुटून विखुरला, तर पाभर (पेरणीचे अवजार) घालावी. चिखलासारखा बसला तर थांबावे. ही चाचणी पुस्तकातली नाही, पण तिने मला फसवलेले नाही. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येण्याजोगे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. पेरणीच्या दिवशी ते किती खोलवर पोहोचले आहे हे एकदा पहारीने खणून पाहावे आणि हलक्या, उथळ रानात भारी जमिनीच्या वाणाचा हट्ट धरू नये.

पेरणी झाली की बहुतेकांचे लक्ष रानावरून उडते, आणि दुसरे दार तेव्हाच उघडते. "एक कोळपणी आणि अर्धे पाणी" ही म्हण आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. पाळणारे मात्र दरवर्षी कमी दिसतात, कारण बैल कमी झाले आणि तणनाशकाने तण मरते म्हणून कोळपण्याची गरज उरली नाही असे सांगितले जाते. तणनाशक तण मारते, भेग बुजवत नाही. पहिली कोळपणी पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने करावी. तिने तण निघते आणि वरचा थर मोकळा होतो. तो भुसभुशीत थर कोरड्या पांघरुणासारखा बसतो आणि खालची ओल वर चढण्याची वाट तुटते. दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने करावी, कारण याच सुमारास केसाएवढ्या भेगा दिसू लागतात आणि त्या बारीक असतानाच बुजवणे सोपे असते. दुसऱ्या कोळपणीनंतर लगेच, पेरणीपासून पाच आठवडे पुरे होण्याच्या आत, तुरकाट्या, गवत किंवा मिळेल तो काडीकचरा हेक्टरी पाच टनांपर्यंत ओळींमध्ये पसरता आला तर फारच चांगले. एवढा सगळीकडे मिळत नाही हे ठाऊक आहे. मिळेल तेवढा उथळ जमिनीच्या पट्ट्यात आधी टाकावा, कारण तेथे पीक सर्वांत आधी माना टाकते. जेथे आच्छादन पसरले तेथे पुढे कोळपे घालू नये.

तिसरी कोळपणी आठव्या आठवड्यात, दातेरी कोळप्याने. हीच सर्वाधिक टाळली जाते. पीक उंच झालेले असते, पाने मोडतील अशी भीती वाटते, आणि थंडीत मजूर मिळत नाहीत. तरीही भेगा याच वेळी रुंद होत जातात आणि पोटरीतल्या ज्वारीला खालच्या ओलीची सर्वाधिक गरजही याच वेळी असते. बैलाच्या तोंडाला मुसके बांधून, सकाळचे दव उतरल्यावर, ओळीच्या मधोमध कोळपे चालवावे. ज्या ओळींत कोळपे जाणारच नाही, तेथे घरातील दोन माणसांनी खुरपे घेऊन भेगेच्या दोन्ही काठांची माती आत ओढून पायाने दाबावी. आठ दिवसांनी भेग पुन्हा उघडली दिसली, तर तीच जागा पुन्हा बुजवावी.