डस्टर एडब्ल्यूडी : कच्च्या रस्त्यावरच्या कॅम्पिंगसाठी केलेले बदल

गाडी उचलायला स्प्रिंगा उंच करायच्या भानगडीत पडलो नाही. रेनॉ डस्टरच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह (एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या) मॉडेलचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची, मुळातच २१० मिमी आहे. शिवाय मागचं सस्पेन्शन स्वतंत्र (दोन्ही चाकं आपापली वरखाली होणारं), त्यामुळे टू-व्हील-ड्राइव्हचं लिफ्ट किट (गाडी उंच करायचा संच) इथे बसतही नाही. पैसे टायरांत घातले.

कंपनीच्या २१५/६५ आर१६ ऐवजी २१५/७० आर१६ ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीचे) टायर; रुंदी तीच, फक्त बाजूची भिंत उंच. व्यास साधारण २१ मिमीने वाढतो, गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते, आणि स्पीडोमीटर वेग आधीपेक्षा तीनेक टक्के कमी दाखवतो. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून चाकावरचं आतलं प्लास्टिकचं लायनर घासतंय का ते बघायचं. टायर स्टेपनीसकट पाचही एकदम घ्या. एखादाच नवा असला की पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मागच्या डिफरन्शियलपाशी (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपाशी) असलेला, मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच घसरून घसरून तापतो.

चिखल-वाळूत हवा २२-२४ पीएसआय. २० च्या खाली नकोच, वळताना टायर रिमवरून सुटतो. परत हवा भरायचा कॉम्प्रेसर मोठा असेल तर चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडा; लायटरच्या सॉकेटवर फ्यूज उडतो.

इंजिनखाली ३ मिमी लोखंडी पत्रा, ऑइल काढायच्या बोल्टसमोर भोक ठेवून. पत्र्यावर साठलेलं वाळकं गवत मुक्कामाला पोचलं की हाताने काढाच (सायलेन्सरचा पाइप गार झाल्यावर, अर्थात). तापलेल्या पाइपाला लागून ते पेटू शकतं.

टपावर फक्त तंबू-चटया. पाण्याचा २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो. तो डिकीत, मागच्या सीटला टेकवून, पट्ट्याने आवळून.