अमेरिकेतील करांचा वाद युद्धापर्यंत कसा पोहोचला, हे वर्गात कसे शिकवावे

हा विषय बॉस्टनच्या चहापासून सुरू करू नये. तसे केल्यास ‘भरमसाट करांना कंटाळून लोकांनी बंड केले’ एवढेच विद्यार्थ्यांच्या मनात ठसते, आणि ते बरोबर नाही. सुरुवात १७६३ पासून करावी. त्या वर्षी संपलेले सप्तवार्षिक युद्ध ब्रिटनने जिंकले खरे, पण त्यापायी राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्चही अंगावर पडला. त्यातला काही भार वसाहतींनी उचलावा, ही लंडनची मागणी वर्गापुढे प्रामाणिकपणे मांडावी. ती मुळीच अवाजवी नव्हती.

मग फळ्यावर प्रत्येक करासमोर तो किती होता आणि कोणी लावला, हे लिहावे. १७६४ मध्ये मळीवरील जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आली, मात्र वसुली कडक झाली. १७६५ चा मुद्रांक कर वर्तमानपत्रे, न्यायालयीन कागद, इतकेच काय, खेळायच्या पत्त्यांवरही होता. ज्या पार्लमेंटने तो लावला, तिच्यात वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. कर बसवायचा तर आमच्याच विधिमंडळांनी, असे वसाहतींचे म्हणणे होते.

यानंतर १७६६ च्या मार्च महिन्यापाशी अवश्य थांबावे, कारण पाठ्यपुस्तके येथून घाईने पुढे जातात. पार्लमेंटने मुद्रांक कर मागे घेतला, पण त्याच वेळी दुसरा कायदा करून वसाहतींना सर्व बाबतींत बांधून घेणारे कायदे करण्याचा आपला अधिकार ठासून सांगितला. पैसा सोडला, हक्क सोडला नाही. १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर बसवलेली जकात १७७० मध्ये उठली, तेव्हाही चहावरची ठेवली गेली, ती याच हक्कासाठी.

आता चहा घ्यावा. १७७३ च्या कायद्याने डबघाईला आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला थेट अमेरिकेत चहा विकण्याची सवलत मिळाली. (हा चहा चीनचा होता, आसामच्या चहाचा व्यापार अजून फार दूर होता.) त्यामुळे चहा स्वस्त होणार होता, तरीही १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या बॉस्टनच्या बंदरात रिकाम्या झाल्या. ‘स्वस्त चहा का बुडवला?’ हा प्रश्न विचारून विद्यार्थ्यांना पुरेसा वेळ द्यावा. तो विकत घेणे म्हणजे दर पौंड वजनाच्या चहामागे तीन पेन्सची जकात, आणि तिच्यासोबत पार्लमेंटचा अधिकारही, मान्य करणे होते.

करापासून युद्धापर्यंतचा दुवा मात्र १७७४ च्या दंडात्मक कायद्यांत दाखवावा. बॉस्टन बंदर बंद झाले, मॅसॅच्युसेट्सच्या सनदेने दिलेले स्वराज्य आखडले गेले, आणि एका शहराचे भांडण इतर वसाहतींनी आपले मानले. बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टनला पहिल्या गोळ्या सुटल्या, तेव्हा ब्रिटिश सैनिक कर वसूल करायला नव्हे, तर काँकॉर्डमधील शस्त्रसाठा ताब्यात घ्यायला निघाले होते.

शेवटी वसाहतींच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील तक्रारींची यादी वाचायला द्यावी, आणि संमतीवाचून कर लादल्याची तक्रार तिच्यात कुठे येते, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.