किनाऱ्यावरच्या गावासाठी बांधकाम मार्गदर्शिका लिहिताना

दापोलीजवळचे मुरुड किंवा गुहागर यांसारख्या गावांची ठेवण पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. किनाऱ्याला समांतर एक अरुंद रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे, आणि समुद्राकडच्या घरांमागे पुळणीपर्यंत गेलेल्या नारळी-पोफळीच्या लांबट वाड्या. पर्यटन वाढले की या ठेवणीवर ताण येतो आणि ग्रामसभेत कोणीतरी म्हणते, “काहीतरी नियम करायला हवेत.” मग घाईने एक मसुदा तयार होतो आणि त्याचे पहिलेच वाक्य असते, “नवीन बांधकाम कोकणातील पारंपरिक शैलीत असावे.” हे वाक्य कोणालाच बांधून ठेवत नाही. हॉटेलवाला दर्शनी भागाला चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, फरश्या चिकटवून मोकळा होतो, आणि स्वतःच्या जागेत साधे, स्वस्त घर बांधू पाहणारा मात्र परवानगीसाठी खेटे घालत राहतो.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी टेप घेऊन गावातून चालावे. रस्त्याची रुंदी, गडग्याची (आवाराच्या दगडी कुंपणाची) उंची, गडग्यापासून पडवीपर्यंतचे अंतर, जोत्याची उंची, वळचणीची (छपराच्या भिंतीबाहेर आलेल्या कडेची) जमिनीपासूनची उंची आणि रस्त्याकडील दर्शनी बाजूची लांबी एवढ्या गोष्टी प्रत्येक आळीतल्या निदान दहा-बारा घरांच्या मोजाव्यात. मोजमापांची सरासरी मात्र काढू नये, कारण सरासरीएवढे घर गावात बहुधा एकही नसते. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा शेजारी शेजारी लिहावा. ज्या बाबतीत दोन्ही आकडे जवळजवळ आहेत, तिथे गावाने नकळत एक शिस्त पाळलेली आहे आणि तिथेच नियम हवा. ज्या बाबतीत ते एकमेकांपासून फार दूर आहेत, तिथे गावाने पिढ्यान्‌पिढ्या मोकळीक दिलेली आहे. ती काढून घेण्याचे कारण नाही. बहुतेक ठिकाणी असे दिसते की गडगा, अंगण आणि वळचण यांत मेळ आहे, तर खिडक्या, रंग, जिन्याची जागा, पडवीचे खांब यांत ज्याचे त्याचे वेगळे आहे.

सर्वांत जास्त भांडण छपराच्या साहित्यावरून होते, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवे. मंगलोरी कौल हेच परंपरेचे लक्षण असे आपण धरून चालतो. पण हे कौल कारखान्यातले आहे. मंगळुरूला बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ मध्ये त्याचा कारखाना काढला, आणि त्यानंतर ते कोकणात पसरले. त्याआधी इथे नळीची कौले होती, गवताने शाकारलेली छपरे होती. आजचा घरमालक कौले काढून पत्रा घालतो त्यामागे हौस क्वचितच असते. माकडे कौले फोडतात, दर पावसाळ्यापूर्वी छपरावर चढून कौले परतणारा माणूस मिळत नाही, आणि मुंबईला राहणाऱ्या मालकाला गळती कळते तेव्हा भिंत भिजलेली असते. अशा माणसावर कौलांची सक्ती केली, तर तो छप्परच काढून स्लॅब टाकण्याच्या मागे लागेल. त्यापेक्षा नियम असा लिहावा: “मुख्य छप्पर उतरते असावे, वळचण भिंतीच्या बाहेर किमान अडीच फूट यावी, छपराचा रंग विटकरी, तपकिरी किंवा राखाडी असावा व पृष्ठभाग चकाकणारा नसावा. साहित्य मालकाच्या इच्छेनुसार.” कोकणातल्या पावसात भिंत कोरडी ठेवण्याचे काम वळचण करते, आणि रस्त्यावरून दिसणारी पट्टीही तीच असते. आकडा अर्थातच आपल्या गावच्या मोजमापातून यावा.

प्रत्येक नियमाखाली त्याचा हेतू एका वाक्यात लिहावा. “रस्त्याकडील गडगा चार फुटांपेक्षा उंच नसावा” या नियमाखाली “पडवीत बसलेल्या माणसाला रस्ता दिसावा आणि रस्त्यावरच्याला अंगण दिसावे” असे लिहिले, की मग चिऱ्याऐवजी मेंदीचे कुंपण किंवा बांबूचा कूड चालेल का, या प्रश्नाचे उत्तर त्यातच मिळते. “सुसंगत”, “साजेसे”, “सौंदर्यपूर्ण” ही विशेषणे मसुद्यातून निर्दयपणे खोडावीत. ज्या शब्दाचा अर्थ अर्ज तपासणाऱ्याच्या मर्जीवर ठरतो, तो शब्द वशिल्याला वाट करून देतो.

मसुदा झाला की त्याची परीक्षा दोन बाजूंनी घ्यावी. गावातली लोकांना आवडणारी पाच-सहा घरे निवडावीत, त्यात एखादे विक्षिप्तही असावे, आणि प्रत्येक नियम त्यांना लावून पाहावा. आवडते घर नियमात नापास होत असेल, तर नियम चुकलेला आहे. मग सर्वांना खुपणारी दोन-तीन बांधकामे घ्यावीत. ती नियमातून सहज सुटत असतील, तर नेमके खुपते ते आपण अजून लिहिलेलेच नाही. पुष्कळदा असे आढळते की, खुपते ते रंग किंवा कमान नसून तीन वाड्या एकत्र करून बांधलेली सलग लांब भिंत, आणि गाड्या लावण्यासाठी गडगा पाडून रस्त्यापर्यंत टाकलेले पेव्हर ब्लॉक. यासाठी दोन नियम पुरतात. जमिनी एकत्र केल्या तरी दर्शनी बाजू सलग न ठेवता मूळ वाडीच्या रुंदीनुसार तुकड्यांत विभागलेली असावी, आणि एका वाडीला रस्त्याकडे गाडीचे एकच प्रवेशद्वार असावे, वाहने घराच्या मागे किंवा बाजूला लावावीत. माझ्या मते एवढे दोनच नियम नीट पाळले गेले, तर उरलेल्या निम्म्या मसुद्याची गरज पडणार नाही.

थोड्या बाबतींत काटेकोर आणि बाकी मोकळे, हे धोरण चालते याची उदाहरणे जवळच आहेत. मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींची उंची आणि रस्त्याशी असलेली रेषा जुळलेली आहे, पण सज्जे, जाळ्या आणि नावांची अक्षरे प्रत्येकीची निराळी. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत घरे रस्त्याला खेटून ओळीने उभी आहेत आणि रंग मात्र पिवळा, निळा, तांबडा असा वेगवेगळा. तिथे सर्व भिंती एकाच रंगाच्या करा म्हणणारा नियम फोंतेन्हासच पुसून टाकेल.

मार्गदर्शिका कोणाच्या गावाची, हाही प्रश्न आधीच विचारावा. मोजमापे घेणारे लोक सहसा मोठ्या अंगणांच्या आळीतच फिरतात आणि तिथली घरे म्हणजे गाव असे धरतात. कोळीवाड्यात घरे दाटीने असतात, मासळी वाळवायला आणि जाळी विणायला सामाईक जागा लागते. तिथे पुढचे अंगण सक्तीचे केले तर घरच बांधता येणार नाही. मोहल्ल्यातल्या किंवा बौद्धवाडीतल्या घरांची ठेवण पुन्हा निराळी. प्रत्येक वस्तीसाठी वेगळे पान असावे, ते त्या वस्तीत बसून लिहावे, आणि ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत ते वाचून दाखवावे, कारण अंगण, विहीर आणि मागील दार रोज कोण वापरते हे सांगायला नको.

काही नियम पंचायतीने स्वतःवर घालून घ्यावेत. जुन्या डांबरावर दर वेळी नवा थर चढवल्याने रस्ता उंच होतो, पावसाचे पाणी अंगणात शिरते, आणि मग लोक जोते व गडगा वाढवतात. यात शैलीचा काही संबंध नाही. थर खरवडून मगच नवा टाकावा, पाखाडीच्या (चढउताराच्या पायवाटेच्या) चिऱ्याच्या पायऱ्यांवर काँक्रीट ओतू नये, गटाराची पातळी अंगणाच्या खाली ठेवावी, हे मार्गदर्शिकेत पहिल्या पानावर असावे. नागरिकांकडून शिस्त मागणाऱ्या कागदाला त्याशिवाय वजन येत नाही.

कायद्याच्या बाबतीत थोडे सावध राहावे लागते. ग्रामसभेचा ठराव झाला म्हणजे नियम बंधनकारक झाला असे नाही. राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेली २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधने घालणारी किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना या दोन्हींच्या चौकटीतच तो बसला पाहिजे, आणि बंधनकारक करायचाच असेल तर १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली हरकती व सूचना मागवून तो मंजूर व्हावा लागतो. त्यामुळे मसुद्याचे सुरुवातीपासून दोन भाग करणे सोयीचे ठरते: एका भागात मंजुरीसाठी पाठवायचे मोजके, मोजता येणारे नियम, आणि दुसऱ्यात केवळ सल्ला, आकृत्यांसह.

शेवटी अपवादाची वाट ठेवावी. एखाद्याला नियम मोडून काही वेगळे बांधायचे असेल, तर त्याने नियमाखाली लिहिलेला हेतू आपण कसा साधतो हे एका पानावर आणि एका रेखाचित्रात दाखवावे. अर्ज तपासणाऱ्या समितीने ठरलेल्या मुदतीत होकार किंवा नकार कारणांसह लेखी द्यावा आणि तो कागद पंचायतीच्या फलकावर लावावा. या अर्जांची वही जपून ठेवावी. एकाच नियमाला पुन्हा पुन्हा अपवाद मागितला जात असेल, तर तीन वर्षांनंतरच्या फेरविचारात सर्वांत आधी तोच नियम घ्यावा. मार्गदर्शिकेची प्रत मात्र केवळ कार्यालयात न ठेवता गावात काम करणाऱ्या प्रत्येक गवंड्याच्या, सुताराच्या आणि ठेकेदाराच्या हाती द्यावी, कारण बहुतेक घरांचा आराखडा अभियंत्याकडे जाण्याआधी यांच्याशी बोलतानाच ठरलेला असतो.