बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

ऑफर लेटर आलं की एक-दोन दिवसांत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची, म्हणजे तुम्ही दिलेली माहिती खरी आहे का याच्या तपासणीची लिंक येते. कागद अपलोड करा, रकाने भरा आणि शेवटी 'मला मान्य आहे'वर क्लिक करा. या वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, "डोळे झाकून सही कर, सगळेच करतात." दुसरा, "गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, सही देऊच नकोस." दोन्ही सल्ले कुचकामी आहेत. पहिला ऐकलात तर त्या नोकरीशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टींनाही परवानगी देऊन बसता. दुसरा ऐकलात तर बहुतेक वेळा नोकरी हातची जाते.

मी बरीच वर्षं भरतीच्या कामात आहे. असे फॉर्म पाठवले आहेत, भरून घेतले आहेत आणि नोकरी बदलताना स्वतःही भरले आहेत. संमतिपत्राचा मजकूर बदलून मागता येतो, हे उमेदवारांना कुणी सांगत नाही. खरं काम तिथेच आहे.

१. आधी स्वतःच स्वतःला तपासा

पीएफच्या पासबुकमध्ये कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यापर्यंत पैसे भरलेत ते बघा, आणि त्या तारखा बायोडेटाशी जुळवा. चारही क्रेडिट ब्युरोंकडून, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडून, वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून ठेवा. मार्कशीट, रिलीव्हिंग लेटर (नोकरी सोडताना कंपनी देते ते कार्यमुक्तीचं पत्र) आणि पॅन यांवरची नावं एकसारखी नसतील, तर फरकाचं कारण एका ओळीत लिहून ठेवा. लग्नानंतर बदललेलं आडनाव किंवा कुठे आद्याक्षर, कुठे वडिलांचं पूर्ण नाव, एवढ्यावरूनही तपासणीच्या अहवालात शेरा लागतो.

२. काय तपासणार, त्याची यादी मागा

फॉर्मवर सहसा 'शिक्षण, नोकरी, पत्ता, फौजदारी नोंदी इत्यादी' असं लिहिलेलं असतं. त्या 'इत्यादी'त काय काय येतं ते ईमेलवर विचारा. तपासणी कंपनी करणार की बाहेरची एजन्सी, आणि एजन्सीचं नाव काय, हेही विचारा.

हे विचारणं आगाऊपणाचं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती मागताना कोणती माहिती आणि कशासाठी हवी, याची नोटीस द्यावी लागते. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत मिळण्याची सोय ठेवावी लागते. म्हणजे मराठीतही मागता येईल. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. नोटीस, संमती आणि हक्कांच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आहेत. आर्थिक, वैद्यकीय आणि बायोमेट्रिक माहितीसाठी ते लेखी संमती मागतात, आणि तक्रार अधिकाऱ्याने महिनाभरात तक्रार सोडवावी असं सांगतात.

यातली एक अडचणीची बाजूही सांगतो, कारण समाजमाध्यमांवरच्या सल्ल्यांतून ती नेमकी गाळली जाते. २०२३ च्या कायद्याचं कलम ७ नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरायची मुभा देतं. तेव्हा 'मी सही दिली नाही तर कंपनी काहीच करू शकत नाही' या भरवशावर राहू नका.

३. मजकूर आवळून घ्या

हा टप्पा मलाही सुरुवातीला जमत नसे. काय खटकतंय ते कळायचं, पण ते नोकरी न गमावता कसं मांडायचं ते कळायचं नाही. म्हणून इथे सावकाश जाऊ.

फॉर्ममध्ये साधारण असं एक वाक्य असतं: 'मी कंपनीला, तिच्या सहयोगी संस्थांना व प्रतिनिधींना माझ्याविषयी कोणतीही माहिती कोणत्याही स्रोताकडून, कोणत्याही वेळी मिळवण्याची अपरिवर्तनीय परवानगी देत आहे, आणि त्यातून उद्भवणाऱ्या सर्व दाव्यांपासून त्यांना मुक्त करत आहे.'

हे वाक्य तुकड्या-तुकड्यांनी वाचा. 'सहयोगी संस्था' म्हणजे कोण, याला मर्यादा नाही. 'कोणतीही माहिती' यात तुमचं आजारपण, कर्ज आणि घरगुती वादही बसतात. 'कोणत्याही स्रोताकडून' यात तुमचा सध्याचा साहेब येतो. 'कोणत्याही वेळी' म्हणजे रुजू झाल्यावर तीन वर्षांनीही, तुम्हाला न विचारता. आणि शेवटचा तुकडा म्हणजे एजन्सीने दुसऱ्याच कुणाची केस तुमच्या नावावर चिकटवली तरी तुम्ही दाद मागायची नाही.

२०२३ चा कायदा अशा भाषेला सरळ छेद देतो. संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि ती त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. दिलेली संमती मागे घेता येते, आणि ती देणं जेवढं सोपं होतं, जवळपास तेवढंच मागे घेणंही सोपं असायला हवं. संमतीचा जो भाग कायद्याचा भंग करतो, तो तेवढ्यापुरता बाद होतो. तक्रारीचा हक्क सोडून देणारं कलम हे तर कायद्याने उदाहरण म्हणूनच दिलं आहे.

पण एचआरला कायद्याची कलमं पाठवू नका. तशा ईमेलने समोरचा माणूस घाबरतो आणि प्रकरण लीगल विभागाकडे ढकलतो, मग तुमची रुजू व्हायची तारीख लांबते. एचआरवाल्याला फाइल पूर्ण करायची असते. त्याला तयार वाक्य द्या, म्हणजे तो वरच्याला विचारून लगेच 'ठीक आहे' म्हणू शकतो. मी उमेदवारांना असा मजकूर देतो:

'पडताळणीस माझी संमती आहे. ती पुढील बाबींपुरती समजावी: पदवी, मागील दोन नोकऱ्या, सध्याचा पत्ता आणि न्यायालयीन नोंदी. ही पडताळणी फक्त या नियुक्तीसाठी व आपण कळवलेल्या एजन्सीमार्फत व्हावी. सध्याच्या कंपनीशी मला रिलीव्हिंग लेटर मिळाल्यानंतरच संपर्क करावा. अहवालाची प्रत मला मिळावी, आणि काही विसंगती आढळल्यास निर्णयाआधी खुलाशाची संधी द्यावी. नियुक्ती न झाल्यास माझी कागदपत्रं काढून टाकावीत.'

सुरुवात 'संमती आहे' अशीच ठेवा. पहिल्याच ओळीत हरकत दिसली की पुढचं कुणी वाचत नाही.

सध्याच्या कंपनीबद्दलच्या वाक्यावर मात्र अजिबात तडजोड नको. "आधी विचारूनच फोन करतात, काळजी करू नकोस" असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. एजन्सीतला माणूस समोरच्या यादीतले नंबर एकेक करून फिरवत असतो, आणि तुम्ही अजून राजीनामा दिलेला नाही हे त्या यादीत लिहिलेलं नसतं. फॉर्ममध्ये 'सध्याच्या मालकाशी संपर्क करावा का' असा रकाना असेल तर 'नाही' भराच, शिवाय ईमेलमध्येही लिहा. रकाना नसेल तर साहेबाच्या नंबराच्या जागी 'रिलीव्हिंगनंतर देईन' असं लिहा. तेवढ्यापुरतं सध्याच्या कंपनीचं ऑफर लेटर आणि शेवटच्या तीन पे-स्लिप पुरतात. उरलेली पडताळणी रुजू झाल्यावर होऊ शकते, आणि बऱ्याच कंपन्या तशी करतातही.

"आमचा फॉरमॅट ठरलेला आहे, त्यात बदल होत नाही" असं उत्तर आलं तर फॉर्मवर वाद घालू नका. फॉर्म भरा, आणि त्याच दिवशी वरचा मजकूर ईमेलने पाठवा: 'फॉर्म भरला आहे, माझी संमती पुढीलप्रमाणे समजावी.' पोच मागा. पोच आली नाही तरी तारीखवार लेखी नोंद तुमच्याकडे राहते, आणि पुढे वाद झालाच तर फोनवरच्या बोलण्यापेक्षा तीच कामी येते. एवढ्या सौम्य ईमेलवर कुणी ऑफर मागे घेत असेल, तर तिथे पुढे तुमच्या पगाराची आणि आजारपणाची माहिती कशी सांभाळली जाईल, याचा विचार रुजू होण्याआधीच करा.

४. रकाने भरताना

आधारची प्रत द्यायची तर मास्क केलेली द्या, म्हणजे शेवटचे चार आकडेच दिसतात. ओळख पटवायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रही चालतं. पुढे पीएफसाठी आधार लागतं, पण ते रुजू झाल्यानंतर आणि वेगळ्या कारणासाठी.

पीएफ पोर्टलचा पासवर्ड किंवा ओटीपी कुणालाही सांगू नका. एजन्सीचा माणूस फोनवर गोड बोलून म्हणतो, "सर, एक ओटीपी आलाय, तेवढा सांगा." पासबुकची पीडीएफ स्वतः डाउनलोड करून पाठवा. त्यात मागच्या नोकऱ्यांचा पुरावा असतोच.

पत्त्याच्या पडताळणीसाठी हल्ली मोबाइलवर लिंक येते आणि ती कॅमेरा व लोकेशन मागते. दाराचा फोटो द्या, आणि काम झालं की फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही परवानग्या काढून टाका. माणूस घरी येणार असेल तर वेळ ठरवून बोलवा. त्याने शेजाऱ्यांना 'इथे राहतात का, कधीपासून' एवढंच विचारायचं असतं.

क्रेडिट रिपोर्ट पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या पदासाठी मागितला तर समजू शकतं. डिझायनरकडे किंवा शिक्षकाकडे मागितला तर कारण विचारा. वैद्यकीय तपासणीच्या कागदावर कोणत्या चाचण्या होणार ते वाचल्याशिवाय रक्त देऊ नका. नोकरीची पूर्वअट म्हणून एचआयव्ही चाचणी करायला २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने मनाई आहे. समाजमाध्यमांचे पासवर्ड मागितले तर साफ नकार द्या.

फौजदारी रकाना मात्र शब्दन्‌शब्द वाचा. 'दोषी ठरलात का', 'गुन्हा नोंद आहे का' आणि 'कधी अटक झाली होती का' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या, जे विचारलेलं नाही ते आपणहून लिहायची गरज नाही. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की माहिती लपवली असं ठरवायचं, तर ती आधी नेमकी विचारलेली असायला हवी. तो निकाल सरकारी नोकरीच्या संदर्भातला आहे, पण रकाना भरताना वाट दाखवायला पुरेसा आहे. विचारलेलं लपवलंत, तर मूळ किरकोळ केसपेक्षा लपवणंच जास्त नडतं.

आणि इथे एक उलटी गोष्ट आहे. बाकी सगळीकडे कमी माहिती द्या म्हणणारा मी न्यायालयीन तपासणीसाठी पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि जुने पत्ते नीट भरा असं सांगतो. कोर्टाच्या नोंदी नावावरून शोधल्या जातात. नुसतं नाव-आडनाव दिलंत, तर त्याच नावाच्या कुणाची चेक बाउन्सची केस तुमच्या अहवालात येऊन बसते.

५. अहवालात शेरा आला तर

फोनवर खुलासा देत बसू नका. अहवालाचं ते पान मागवा. तारखांचा फरक असेल तर रिलीव्हिंग लेटर आणि पासबुक जोडून दोन ओळींचा ईमेल करा. नामसाधर्म्याची केस असेल तर केस नंबर घ्या, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आरोपीच्या वडिलांचं नाव, पत्ता किंवा वय काय दिलंय ते बघा, आणि त्याचा स्क्रीनशॉट आपल्या ओळखपत्रासोबत पाठवा. जुनी कंपनी बंद पडल्याने उत्तर येत नसेल, तर नियुक्तीपत्र, पे-स्लिप आणि बँक स्टेटमेंटमधल्या फक्त पगाराच्या नोंदी द्या. बाकीच्या ओळी झाकून टाका. तुम्ही कुठे खरेदी करता आणि घरी किती पैसे पाठवता, हे एजन्सीला कळायचं कारण नाही.

खुलासा देताना एजन्सीला कॉपीत ठेवा. अहवाल दुरुस्त एजन्सी करते, एचआर नाही. सुधारित अहवालाची प्रत स्वतःकडे ठेवा, कारण पुढची कंपनी त्याच एजन्सीकडे गेली तर जुनीच चूक पुन्हा वर येऊ शकते.

६. नंतरची आवराआवर

नोकरी मिळाली नाही किंवा तुम्हीच नाकारलीत, तर संमती मागे घेत असल्याचं आणि कागदपत्रं काढून टाकावीत असं कंपनी आणि एजन्सी दोघांनाही कळवा. आधी झालेली तपासणी त्याने बेकायदा ठरत नाही, पण पुढचा वापर थांबवता येतो. नोकरी मिळाली असेल, तर वर्षभराने 'पुन्हा पडताळणी' म्हणून येणारी लिंक जुन्या संमतीत बसवू देऊ नका. त्या वेळी यादी नव्याने मागा.