खजिन्याचं कोडं प्रोग्रॅमने सोडवताय? या चुका टाळा

ऑलिव्हिए लव्हासर ऊर्फ ‘ला ब्यूझ’ या फ्रेंच चाच्याला ७ जुलै १७३० रोजी रियुनियन बेटावर फाशी दिलं. फासावर चढताना त्याने खजिन्याचा पत्ता असलेला सांकेतिक लिपीतला कागद गर्दीत भिरकावला, अशी दंतकथा आहे. त्याच वर्षी १० जानेवारीला पुण्यात शनिवारवाड्याची पायाभरणी झाली होती. या दोन तारखा जोडून प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांसाठी मी एक कोडं रचलंय. ते सोडवताना बहुतेकांची गाडी त्याच त्या ठिकाणी अडते.

कोडं असं: वाड्याच्या दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि नारायण या पाच दरवाज्यांपैकी एकामागे पेटी आहे. पहिला खलाशी म्हणतो, ती दिल्ली किंवा मस्तानी दरवाज्यामागे आहे. दुसरा म्हणतो, गणेश दरवाज्यामागे नाही. तिसरा म्हणतो, मस्तानी किंवा नारायण दरवाज्यामागे आहे. तिघांपैकी एकच खरं बोलतोय.

‘एकच’ म्हणजे नेमकं काय?

घाईत मुलं तिन्ही जबान्या ‘ऑर’ने जोडतात. ‘ऑर’चा अर्थ किमान एक खरी. मग गणेश सोडून चारही दरवाजे पास होतात. त्यात पहिलं उत्तर मिळताच लूप (दरवाजे एकेक करून तपासणारी फेरी) थांबवला असेल, तर प्रोग्रॅम ठामपणे ‘दिल्ली’ सांगतो आणि कुणाला शंकाही येत नाही.

थोडी पुढची मुलं ‘एक्सॉर’ वापरतात, म्हणजे खऱ्या विधानांची संख्या विषम असेल तरच ‘खरं’ सांगणारी जोडणी. दोन विधानं असतील तर ते बरोबर चालतं. तीन विधानांना मात्र तिन्ही खरी असली तरी एक्सॉरचं उत्तर ‘खरं’च येतं. मस्तानी दरवाज्याला तिघंही खरे ठरतात, म्हणून तोही यादीत शिरतो. क्रमाने तो खिडकीच्या आधी येत असल्यामुळे पहिल्या उत्तराला थांबणारा प्रोग्रॅम ‘मस्तानी’ सांगून मोकळा होतो.

उपाय सोपा आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत खरं म्हणजे १ आणि खोटं म्हणजे ०, तेव्हा तिन्हींची बेरीज करा आणि ती बरोबर १ आहे का बघा. दिल्लीला २, मस्तानीला ३, खिडकीला १, गणेशला ०, नारायणला २. पेटी खिडकी दरवाज्यामागे आहे. लूप शेवटपर्यंत चालवा आणि किती उत्तरं आली ते मोजा. एकाहून जास्त आली तर एखादी अट निसटली आहे, एकही आलं नाही तर एखादी अट जास्त कडक लावली गेली आहे. दोन्ही वेळा कोड चाळण्याआधी कोडं पुन्हा वाचा. तपास करणारा माणूसही आधी जबानी नीट वाचतो, मग संशयितांना एकेक करून वगळतो. मला ही शिस्त कोणत्याही चतुर कोडपेक्षा मोलाची वाटते.

मराठी सांकेतिक लिपी

अशा कोड्यासाठी सांकेतिक चिठ्ठी लिहिताना प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकवायचं असतं, म्हणून मुलं युनिकोड क्रमांकात (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला आकडा) १ मिळवतात. ‘नदी’चं होतं ‘ऩधु’. कारण युनिकोडमध्ये ‘न’ नंतर नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ‘ऩ’ बसतो आणि ‘ी’च्या पुढे ‘ु’ येतो. ‘ळ’ सुद्धा तिथे ‘ल’ ला लागून आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. म्हणून क पासून ह पर्यंत आणि शेवटी ळ अशी ३४ व्यंजनांची यादी स्वतः टंका, तिच्यावरच सरका आणि मात्रांना हात लावू नका. मग ‘नदी’चं ‘पधी’ होतं आणि उलट सरकल्यावर परत ‘नदी’ मिळतं.

‘पाचवं अक्षर घ्या’ अशा खुणेतही हाच घोळ होतो. ‘खजिना’ आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पायथॉन त्याची लांबी ५ सांगतो. वेलांटी आणि काना तो वेगळे मोजतो.

नकाशा

होकायंत्राचा कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात, गणितातला कोन पूर्वेपासून उलट दिशेने. त्यामुळे होकायंत्राचा कोन असेल तर पूर्वेकडचं अंतर साइनने आणि उत्तरेकडचं कोसाइनने काढायचं. पायथॉनला कोन रेडियन या एककात लागतो; अंश रेडियनमध्ये बदलायला विसरलात तर ९० चा साइन १ ऐवजी ०.८९ येतो. शंका आली की हाच आकडा छापून बघा, चूक लगेच हाती लागते. कागदावरच्या चौकटीत उत्तरेला जायचं असेल तर ओळीचा क्रमांक सहसा कमी होतो, तेही ध्यानात ठेवा.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर फारच लांब जाल. शनिवारवाडा साधारण १८.५२ उत्तर, ७३.८५ पूर्व. आकडे उलटे टाकले की खूण नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात पडते. आणि पुण्यात एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर असले, तरी एक अंश रेखांश सुमारे १०५ किलोमीटरच भरतो. दोन्हींना एकच गुणक लावला तर पूर्व-पश्चिम अंतर दर शंभर मीटरमागे पाचेक मीटरने चुकतं. पेटी एखाद्या पायरीखाली ठेवली असेल, तर तेवढ्याने ती सापडायची राहते.